नळाखालच्या मातीतली पिवळी

त्या घरात दोन जाणते हात होते. मास्तर शिवणकाम करत. त्यांचे हात कापड नुसतं चाचपून त्याची जात सांगत. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे हात मातीची जात सांगत. मास्तरांच्या हाताला गिऱ्हाईक होतं. अक्का कॉलेजातल्या मातीच्या प्रयोगशाळेत होत्या, आणि तिथे हाताला फारशी किंमत नसते, हातमोज्याला असते.

अक्का तरुणपणी तिथे बाटल्या धुवायला म्हणून लागल्या. तेव्हाच्या जुन्या सरांनी त्यांना हळूहळू सगळं शिकवलं. मातीतले जिवाणू वेगळे कसे काढायचे, काचेवर पसरून कसे रंगवायचे, कोण कुठल्या कुळातला आणि कुळातल्या कुठल्या प्रजातीतला हे कसं ताडायचं. निवृत्ती जवळ आली तोवर यातलं बरंचसं काम अक्कांच्याच हातून जात होतं. शेवटचा शब्द मात्र आताच्या सरांचा. त्यात अक्कांना कमीपणा वाटत नसे. "मी निवडून देते, शिजवतात सर," असं त्या म्हणत.

घर म्हणजे पुढे मास्तरांचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि एक खोली, आणि त्यामागे भिंतींनी वेढलेलं अंगण. अंगणात एक नळ होता. तो घट्ट फिरवला तरी ठिबकत असे. त्याच्याखाली धुण्याचा दगड, आणि दगडाच्या कडेला कायम ओली राहणारी काळपट माती. घरात मास्तर, त्यांची बायको आणि अक्का अशी तीनच माणसं. मास्तरांची एकुलती मुलगी लग्न होऊन गेली होती. अक्कांनी लग्नच केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारणारे विचारून विचारून दमले आणि त्यातले काही तर देवाघरीही गेले.

संध्याकाळी भावजय भाजी निवडायला बसली की अक्का शेजारी बसत.

"आज कोण आलं होतं मग पाहुणं?" भावजय विचारी. अक्कांच्या जिवाणूंना ती पाहुणेच म्हणे.

"आज सगळे जांभळे."

जांभळे म्हणजे काय, हे भावजयीला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. काचेवरच्या जिवाणूंना जांभळा रंग द्यायचा, वर आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं. ज्यांची भिंत जाड ते रंग सोडत नाहीत, जांभळेच राहतात. त्यांना ग्रॅम-पॉझिटिव्ह म्हणायचं. बाकीचे रंग सोडून देतात. मातीतले आणि माणसाच्या कातडीवरचे किती तरी जिवाणू या जाड भिंतीच्या गटातले.

"म्हणजे चिवट," भावजय म्हणाली होती. "धुतलं तरी सोडत नाहीत. आमच्या सासरच्यांसारखे."

"तुझं सासर ते माझं माहेर. जपून बोल."

अशा गप्पांत भावजयीला बरंच काही कळलं होतं. माती उकरली की जो वास येतो तो स्ट्रेप्टोमायसीसचा. दिसायला खडूची भुकटी सांडल्यासारखा. बॅसिलस उकळत्या पाण्यालाही पुरून उरतो, स्वतःभोवती कवच करून झोपून जातो. मास्तरांच्या मोज्यांना जो वास येतो त्यात मोठा वाटा ब्रेव्हिबॅक्टेरियमचा.

"मला इथपर्यंत ऐकू येतंय," मास्तर दुकानातून म्हणत.

"यावं म्हणूनच बोलतेय, बाळ्या. मोजे बदल." मास्तरांचे केस पिकले तरी अक्कांच्या तोंडी ते बाळ्याच होते.

नात्यागोत्यांच्या गोष्टी भावजयीला जास्त आवडत. स्टॅफिलोकॉकस आणि मायक्रोकॉकस, दोघेही गोल, दोघेही जांभळे, दोघेही कातडीवर राहणारे. जुन्या पुस्तकांत एकाच कुळात सुखाने नांदत होते. मग कोणीतरी आतून तपासलं, तर रक्ताचं नातंच निघालं नाही. त्यांना वेगळी चूल मांडून द्यावी लागली. उलट आर्थ्रोबॅक्टर नावाचा एक मातीतला. तरुण असताना काडीसारखा, वय झालं की आखडून गोल. मायक्रोकॉकससारखा तो अजिबात दिसत नाही, पण निघाला त्याच्याच कुळातला, अगदी जवळचा भाऊबंद.

"दिसण्यावर जायचं नाही, हेच खरं," भावजय देठ मोडत म्हणाली. "ज्याने घडवलं त्यालाच माहीत कोण कोणाचा."

अक्का हसल्या. त्या वेळी ते वाक्य आपल्यालाच लागू पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पिवळी सापडली ती याच अंगणात. कॉलेजला वेगवेगळ्या जागची माती तपासायची होती. बाकीचे नमुने दळून, चाळून, पिशव्यांत भरून येत. अक्कांच्या मनात आलं, आपल्या नळाखालची कायम ओली माती तरी का राहावी? त्यांनी धुण्याच्या दगडाजवळची ढेकळं काढली, अंगणात कागदावर वाळत घातली आणि मग हात स्वच्छ धुऊन, पुसून, बोटांनी चुरली. खलात माती कुटायची नाही, नाजूक जीव मरतात. बोटांत चुरायची, हे जुन्या सरांचं शिकवणं. कॉलेजात आता तसं कोणी करत नसे. घरी अक्कांना कोण अडवणार?

ती माती पाण्यात कालवून अक्कांनी काचेच्या चपट्या बशीतल्या अगरवर पसरली. अगर म्हणजे थिजलेल्या पेजेसारखा थर, जिवाणूंचं अन्न. उबेच्या कपाटात ठेवलेल्या बशीत काही दिवसांनी पिवळे ठिपके उगवले. बारीक, गोल, चकचकीत, एका ओळीत मांडल्यासारखे.

नियम असा की तार लाल तापवायची, थंड होऊ द्यायची, एकाच ठिपक्याला लावायची आणि त्याची एक नळी करायची, म्हणजे काचेच्या नळीतल्या अगरवर तो एकटाच वाढवायचा. एक ठिपका म्हणजे एकाच पूर्वजाची प्रजा. पण ठिपके मोहरीहूनही बारीक होते आणि सगळे एका रंगाचे दिसत होते. अक्कांनी तार सगळ्या ओळीवरून फिरवली. नळी लवकर भरली. घाई कसली होती कोण जाणे, पण होती खरी. निवृत्तीच्या आधी काहीतरी हाती लागावं असं माणसाला वाटतं.

आणि लागलं. नळीतली पिवळी जिवाणू ओळखायच्या कुठल्याच तक्त्यात बसेना. काचेवर आधी काड्या दिसत, काही दिवसांनी गोल गोल, म्हणजे आर्थ्रोबॅक्टर म्हणावी. पण आर्थ्रोबॅक्टर इतक्या खाऱ्या अगरवर तग धरत नाही, आणि ही तिथे मजेत वाढे. खाऱ्यात वाढते, गडद पिवळी आहे, गोल चार-चारच्या चौकडीत बसतात, म्हणजे मायक्रोकॉकस म्हणावी. मग काड्या कुठल्या? सरांनी पुन्हा काढायला सांगितली. अक्कांनी पुन्हा अंगणातली माती आणली, पुन्हा बोटांनी चुरली, पुन्हा ओळीवरून तार फिरवली. पुन्हा तेच आलं.

सर वयाने अक्कांपेक्षा बरेच लहान, बोलायला मोजके. ते सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि म्हणाले, "अक्का, कूळ तर कळतंय. पण त्या कुळातल्या एकाही घरात ही बसत नाही. हिला नवं घर बांधावं लागेल."

"म्हणजे नवी प्रजाती?"

"तसं दिसतंय. आणि तसं झालं तर नाव तुमचं. तुमच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडू."

अक्का त्या दिवशी घरी येताना एक वळण चुकल्या.

आडनावाची गोष्ट घरात हळवी होती. मास्तरांच्या वडिलांना दोनच मुलं. एकीने लग्न केलं नाही, दुसऱ्याला एकच मुलगी, ती सासरच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दुकानावरच्या पाटीचा रंग उडाला की मास्तर म्हणत, "द्यायचा कशाला नवा रंग? आपल्या मागे वाचणार कोण?" हे ते विनोदाने म्हणत, पण दर वेळी म्हणत. त्यामुळे शेपटाची बातमी ऐकून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"जगभरच्या पुस्तकांत?"

"छापलं तर."

"आपलं आडनाव?"

"आपलं कसलं, माझं. पण एकच आहे म्हणून तुझंही."

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाबरोबर ही बातमी घेतली-दिली गेली. खालच्या अंगाला राहणारे बूट दुरुस्त करणारे काका विचारायला आले की रोगबीग आहे का तो. मास्तर म्हणाले, रोग नाही, वंश आहे. आणि मग त्यांनी स्वतःसाठी कोट बेतला. साऱ्या गल्लीचे कपडे शिवणारा हा माणूस स्वतः उसवलेल्या खिशाने फिरे. त्याने चांगलं करडं कापड काढलं, कापलं, कच्चे टाके घातले आणि कोट दुकानातल्या खुंटीवर समोरच लावला.

"समारंभ ठरला का?" भावजयीने विचारलं.

"ठरेल."

"उतावळा नवरा," भावजय म्हणाली आणि पुढचं बोलली नाही, कारण पुढचं सगळ्यांना माहीत असतं.

मध्येच एक खडा लागला. पिवळीची जनुकं वाचून घ्यायला नळी बाहेरच्या एका संस्थेत पाठवली होती. तिथून उत्तर आलं: नमुना नीट वाचता येत नाही, पुन्हा पाठवा. सर म्हणाले, पार्सल वाटेत तापलं असणार. लेख ते लिहीतच होते. "ताज्या मातीतून परत एकदा काढा, अक्का. ताजी नळी पाठवू. ती वाचली की झालं."

नेमक्या त्याच वेळी अक्कांचा हात भाजला. मास्तरांची इस्त्री टेबलाच्या कडेवरून घसरत होती, ती धरायला गेल्या, आणि उजव्या हाताचा अंगठा नि दोन बोटं पोळली. पट्टी बांधली. मग माती भावजयीने काढली. खुरप्याने ढेकळं उकरली, स्वच्छ पिशवीत घातली, वरून गाठ मारली.

"चुरून देऊ का?"

"नको, तुला नाही जमायचं. मी बघेन तिकडे."

तिकडे पट्टीवरून हातमोजा चढवून, चुरता येईना म्हणून, अक्कांनी नाइलाजाने ढेकळं खलात कुटली. बशीत ठिपके आले. फिकट पिवळे. काचेवर काड्या दिसल्या, मग गोल दिसले. खाऱ्या अगरवर मात्र काहीच नाही. चौकडी नाही. गडद पिवळा रंग नाही. हा साधा आर्थ्रोबॅक्टर होता, मातीतला, ज्याला शोधायला कोणाला कष्ट पडत नाहीत.

अक्का घरी आल्या त्या चप्पल न काढता स्वयंपाकघरात.

"कुठली माती दिलीस गं मला?"

"नळाखालची."

"नळाखालची कुठली? दगडाच्या अलीकडची की पलीकडची?"

"तुम्ही काढता तिथलीच. खड्डा आहे तुमचा तिथे, तो दिसत नाही होय मला?"

"तिथली असती तर आली असती."

भावजयीने गॅस बारीक केला. "अक्का, मी या अंगणात लग्न झाल्यापासून धुणं धुतेय. तो दगड माझ्या गुडघ्यांना ओळखतो. मला माती चुकत नाही."

"मग माझी पिवळी गेली कुठे?"

"मला काय विचारता? मी काही तिला माहेरी पाठवली नाही."

बाहेर दुकानात शिवणयंत्र थांबलं होतं. मास्तर ऐकत होते आणि न ऐकल्यासारखं करत होते.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून अंगणात गेल्या. अक्कांनी जागा दाखवली, भावजयीने खुरपं मारलं. अक्कांनी ढेकळं पिशवीत पडताना डोळ्यांनी पाहिली. आठवड्याने पुन्हा तेच, फिकट ठिपके.

तेव्हा अक्का भावजयीवर रागावल्या नाहीत. उलट गप्प झाल्या, आणि ते भावजयीला जास्त लागलं. संध्याकाळी ती शेजारी येऊन बसली.

"एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"माती तीच. खुरपं तेच. फरक एवढाच, की तुम्ही नेता तेव्हा चुरून नेता, मी ढेकळं तशीच दिली. चुरताना काही होत असेल का मातीला?"

 अक्कांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर उलटा केला. पट्टीतून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बाहेर होतं. त्या बोटांकडे त्यांनी असं पाहिलं, जसं कोणी घरात हरवलेली किल्ली स्वतःच्याच कमरेला सापडल्यावर पाहतं.

"मातीला नाही होत," त्या म्हणाल्या. "मातीत पडतं."

"काय पडतं?"

"मी."

भावजयीला सगळं कळलं नाही, पण निम्मं कळलं. "काखेत कळसा," ती हळूच म्हणाली.

"आणि गावाला वळसा. आणि त्या वळशात सरांनाही घेऊन गेले."

खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, ही अक्कांची शिस्त. पट्टी सुटली, कातडी भरून आली, तेव्हा त्यांनी कॉलेजात हात नेहमीसारखे धुतले, पुसले आणि अंगठा कोऱ्या खाऱ्या अगरवर टेकवला. काही दिवसांत अंगठ्याचा ठसा पिवळ्या ठिपक्यांनी उमटून आला, वळणावळणासकट. गडद पिवळे, काचेवर गोल, चार-चारच्या चौकडीत. मायक्रोकॉकस. माणसाच्या कातडीवरचा अगदी नेहमीचा रहिवासी. मग त्यांनी याची एक तार आणि मातीतल्या आर्थ्रोबॅक्टरची एक तार मिळून एक नळी केली. ती नळी हुबेहूब पिवळी झाली. आधी काड्या, मग गोल, खाऱ्यात वाढणारी, तक्त्यात न बसणारी.

म्हणजे पिवळी नावाची कोणी नव्हतीच. एक मातीतला, एक अंगठ्यावरचा. दोघे एकाच कुळातले म्हणून नातं दाखवताना तक्ता बरोबर येई, आणि दोन प्रजाती म्हणून घर शोधताना चुके. ओळीवरून तार फिरवली नसती तर पहिल्याच दिवशी वेगळे झाले असते.

हे फक्त अक्कांना माहीत होतं. सर लेखाच्या शेवटच्या पानावर होते. निवृत्ती तोंडावर आली होती. जुन्या नळ्या फ्रीजमध्ये होत्या. त्यातलीच एक पाठवली असती तर पुन्हा "वाचता येत नाही" असं उत्तर आलं असतं आणि तोवर अक्का घरी बसल्या असत्या. कोणी विचारलंच तर माती बदलली म्हणता आलं असतं. नळ तर बदलायचाच होता.

त्या संध्याकाळी भावजय रोजच्यासारखी देवासमोर बसली. अक्का नळाशी बसल्या. खुंटीवरचा कोट खिडकीतून दिसत होता. बाळ्याने त्याला आतून अस्तर लावलं होतं. स्वतःच्या कपड्याला अस्तर लावताना त्याला अक्कांनी कधी पाहिलं नव्हतं.

भावजय उठून आली तेव्हा अक्का म्हणाल्या, "काय मागितलंस?"

"मागत नाही मी. नावं घेते सगळ्यांची. तुमचंही घेतलं."

"आडनावासकट?"

"देवाला आडनाव लागत नाही, अक्का."

दुसऱ्या दिवशी अक्का दोन्ही बशा घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. खुर्चीवर न बसता उभ्याने सगळं सांगितलं. चुरणं सांगितलं, ओळीवरून फिरवलेली तार सांगितली. सरांनी अंगठ्याची बशी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"लेख तयार आहे, अक्का."

"माहीत आहे. म्हणून आजच आले."

"चूक एकट्या तुमची नाही," सर म्हणाले. "नळीत दोघं एकदम बोलत होते म्हणून वाचता येत नव्हतं. मी खापर पार्सलवर फोडलं. मला हवं तेच मी ऐकलं." त्यांनी कागदांचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला. फाडला नाही. "पाठकोरे आहेत, कामाला येतील. पण हा ठसा विद्यार्थ्यांना दाखवावा म्हणतो. हातमोजा का घालायचा हे मी वर्षभर सांगतो, त्यापेक्षा हे बरं."

"माझी फजिती दाखवणार?"

"नाव नाही सांगणार."

"सांगा की. आता नाव लागायला दुसरी जागा कुठे उरलीय?"

दोघंही हसले. सरांचं हसू आधी संपलं.

मास्तरांना सांगणं जड गेलं. ते इस्त्री करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक बाही उलटली, तिच्यावर इस्त्री फिरवली, दुसरी उलटली.

"म्हणजे शेपूट नाही."

"नाही."

"ह्या मायक्रो... ह्याला आधीच नाव आहे?"

"फार जुनं. कितीजणांच्या अंगावर असतो तो. तुझ्या बायकोच्या भाषेत, घरोघरी मातीच्या चुली."

"मी अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय."

"मी सांगते त्यांना."

"नको. तोंड माझं आहे." त्यांनी खुंटीवरचा कोट काढला, घडी घातली आणि कच्च्या टाक्यांसकट कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकला. त्यानंतर काही दिवस जेवताना ते फक्त भाजीला मीठ कमी आहे एवढंच बोलत, आणि मीठ कमी नसे. बुटांच्या काकांनी वंशाची चौकशी केली तेव्हा मास्तर म्हणाले, "पडला." काकांनी वाईट वाटून घेतलं. ते बराच काळ अक्कांशी हळू आवाजात बोलत.

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मास्तर काज करता करता म्हणाले, "तुझ्या अंगठ्यावर ती आली कुठून पण?"

अक्का बटणांचा डबा लावत होत्या. "कुठून येणार? आईकडून आली असेल पहिल्यांदा. जन्मलं की ज्याच्या हातात जातो त्याच्याकडून घ्यायला लागतो आपण. नंतर सगळ्यांकडून. हातातून हातात."

मास्तरांनी दोन टाके घातले. "मला आंघोळ तू घालायचीस."

"घालायचे. तू चावायचास."

"मग माझ्यावरही असेल."

"असेल. तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. एकदा सांगून बसलेय."

 दुसऱ्या दिवशी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून कोट खाली आला. कच्चे टाके उसवले गेले, पक्के घातले गेले, बटणं लागली.  भावजयीने फक्त त्यांचे धुतलेले मोजे वर काढून ठेवले.

निवृत्तीच्या काही दिवस आधी मास्तर तो कोट घालून कॉलेजात गेले. बहीण इतकी वर्षं जिथे जात होती ती जागा त्यांनी पहिल्यांदा पाहिली: पांढऱ्या फरशीची लांब खोली, शिट्टी न वाजवणारा एक भला मोठा कुकर, उबेचं कपाट, खिडकीशी अक्कांचं स्टूल. स्टुलाची गादी फाटलेली होती. मास्तरांनी तिचं माप वितीने घेतलं आणि मग सरांना नमस्कार केला.

"कोट छान आहे," सर म्हणाले.

"समारंभासाठी होता," मास्तर म्हणाले. "अंगठा कुठे लावू?"

अक्कांनी त्यांचा हात धरून बशीवर टेकवला. उचलताना हात लगेच सोडला नाही. मग झाकण लावलं आणि वर काळ्या शाईने आडनाव लिहिलं, पुढे "उजवा". ओळीतल्या आधीच्या, अक्कांच्या ठशाच्या बशीवरही तेच आडनाव होतं, पुढे "उजवा". सर म्हणाले, घोटाळा होईल, काहीतरी वेगळं लिहा. अक्कांनी भावाच्या बशीवर "बाळ्या" जोडलं.

बशी उगवली तेव्हा त्यात पांढरे ठिपके भरपूर होते, द्राक्षांच्या घोसासारखे बसणारे स्टॅफिलोकॉकस, आणि त्यांच्यामध्ये कडेला थोडे गडद पिवळे. अक्कांनी ते रंगवून पाहिले. गोल, जांभळे, चौकडीत. या वेळी तार एकाच ठिपक्याला लावली होती. तोच तुझ्या-माझ्या आईकडचा, असं काही त्यातून सिद्ध होत नाही, हेही त्यांनी घरी येऊन मास्तरांना बजावून सांगितलं. कोणाकडूनही आलेला असू शकतो. गिऱ्हाइकांच्या कॉलरींवरूनसुद्धा.

"बरं," मास्तर म्हणाले. "त्या बशा आहेत कुठे? दोन्ही?"

"सरांनी फोटो काढून ठेवला. बशा कुकरमध्ये घातल्या. काम झालं की निर्जंतुक करून टाकायच्या, असा नियम आहे. वरची शाई स्पिरिटने पुसली."

मास्तर यंत्रावरून वळले. "मारलीस?"

"बशीतली मारली. अंगठ्यावर आहे की."

मास्तरांनी अंगठा समोर धरून पाहिला. त्यावर काहीच दिसत नव्हतं. मग त्याच अंगठ्याने त्यांनी दोऱ्याचं टोक पिळलं, सुईत ओवलं, आणि स्टुलाच्या नव्या गादीचं कापड पुढे ओढलं.